कॅनडाला निघतेय, अकरा वर्षांच्या फार्मसीचं काय करू?

अबोली_त्रिमूर्तीनगर

नमस्कार मंडळी. वाचत बरेच दिवस आहे, लिहितेय पहिल्यांदा.

मी नागपूरची, बी.फार्म. धंतोलीतल्या एका हॉस्पिटलच्या फार्मसीत अकरा वर्षं झाली, शेवटची चार इन्चार्ज म्हणून. हाताखाली सहा जण. रात्री दोनला आयसीयूतून फोन आला तरी कोणतं इंजेक्शन फ्रीजच्या कोणत्या कप्प्यात आहे हे मी घरून सांगते. नवरा आयटीत, त्याच्या अर्जावर आम्हा तिघांचा पीआर, म्हणजे तिथे कायम राहायचा परवाना, आला. ओंटारियोतल्या मिसिसागाला जायचं ठरतंय, उन्हाळ्यात, मुलाची तिसरी संपली की.

घरात सगळे आनंदात आहेत. मीही आहे. पण परवा सासूबाईंच्या भिशीत एक काकू म्हणाल्या, "तिकडे आपल्या लोकांना औषधाच्या दुकानात गोळ्या मोजायला बसवतात म्हणे." त्या काही वाईट मनाने बोलल्या नाहीत. मला मात्र रात्रभर झोप नाही. नवऱ्याचं काम लॅपटॉपसकट उचलून तिकडे जातं. माझं काम जात नाही, एवढं आता समजलंय. लायसन्सला किती वर्षं लागतात, तोवर काय करायचं आणि इथून निघायच्या आधी काय उरकून घ्यायचं? ज्यांनी हे स्वतः केलंय त्यांनी कृपया सविस्तर लिहा. दुसऱ्या क्षेत्रातल्यांचे अनुभवही चालतील.

गोकुळपेठची_वृंदा

अबोली, २०१६ मध्ये मी तुझ्याच जागी होते. रामदासपेठेतल्या फार्मसीत नऊ वर्षं काढून ब्रॅम्प्टनला आले. आज लायसन्स्ड फार्मासिस्ट आहे. मला चार वर्षं लागली. त्यातले काही महिने कोविडने खाल्ले आणि एक वर्ष माझ्या चुकीने गेलं. तुझं ते वर्ष वाचावं म्हणून सगळं लिहिते.

आधी पायऱ्या समजून घे. ओंटारियोत फार्मसीत तीन प्रकारची माणसं असतात. फार्मासिस्ट, त्याखाली रजिस्टर्ड टेक्निशियन आणि त्याखाली असिस्टंट. पहिल्या दोघांना ओंटारियो कॉलेज ऑफ फार्मासिस्ट्सची नोंदणी लागते, असिस्टंटला लागत नाही. त्या काकूंनी ऐकलंय ते असिस्टंटबद्दल, आणि ते खरं आहे. मी दोन वर्षं असिस्टंट होते.

लायसन्सचा रस्ता असा. आधी 'फार्मासिस्ट्स गेटवे कॅनडा'वर नाव नोंदवायचं. मग पीईबीसी, म्हणजे फार्मसी एक्झामिनिंग बोर्ड ऑफ कॅनडा, तुझी पदवी आणि नोंदणी तपासतं. ते झालं की इव्हॅल्युएटिंग परीक्षा. ती सुटली की क्वालिफाइंगचे दोन भाग, एक लेखी आणि एक ऑस्की, म्हणजे समोर पेशंट बसवून घेतलेली प्रात्यक्षिक परीक्षा. शिवाय इंग्रजीचा दाखला, तिथल्या कायद्याची परीक्षा आणि प्रत्यक्ष दुकानात कुणाच्या तरी देखरेखीखाली काम करून दाखवणं. प्रत्येक परीक्षेला बसायच्या संधी मोजक्या असतात, म्हणून "बघू, देऊन तर पाहू" असं करू नकोस. सगळं मिळून काही हजार डॉलर जातात, ते घराच्या डिपॉझिटसारखे बाजूला काढून ठेव.

आता माझी चूक. मी विमानात बसले तेव्हा माझी एकही कागदपत्रं निघालेली नव्हती. पदवी तपासायचा अर्ज नागपुरातून करता येतो, हे मला इथे आल्यावर कळलं. महाराष्ट्र राज्य फार्मसी कौन्सिलचं गुड स्टँडिंग (नोंदणी चालू आणि निर्दोष असल्याचा दाखला), कॉलेजचे ट्रान्स्क्रिप्ट, लग्नाआधीच्या आणि नंतरच्या नावाचं प्रतिज्ञापत्र, हे सगळं माझ्यासाठी माझे सत्तरीतले वडील उन्हात स्कूटरवर फिरून जमवत होते. एका कार्यालयात त्यांना पाच वेळा परत पाठवलं. "तिला स्वतःला यायला सांगा," म्हणे. मी इथे बर्फात, ते तिथे रांगेत. आठ महिने गेले. तू अजून नागपुरात आहेस, सही करायला स्वतः उभी राहू शकतेस, हे फार मोठं बळ आहे. आणि कौन्सिलची नोंदणी चुकूनही लॅप्स होऊ देऊ नकोस, इकडे येऊनही रिन्यू करत राहा.

कामाबद्दल. पहिल्या आठवड्यात एक आजी तापाची गोळी विचारत होत्या आणि मी मनात 'पॅरासिटामॉल, पॅरासिटामॉल' करत शेल्फ धुंडाळत होते. इथे त्याला असिटामिनोफेन म्हणतात, अॅड्रेनलिनला एपिनेफ्रिन. हे आपल्याला पुस्तकातून माहीत असतं गं, पण हात जुन्या नावाला चटावलेला असतो. आपण कात्रीने स्ट्रिप कापतो, मागे पेनाने 'सकाळी १, रात्री १' लिहितो, पुडीत घालून देतो. इथे गोळ्या मोठ्या बाटलीतून निळ्या ट्रेवर ओतायच्या, पात्याने पाच-पाचच्या ओळीने सरकवत मोजायच्या, तपकिरी डबीत भरून त्यावर पेशंटच्या नावाचं लेबल लावायचं. पहिले पंधरा दिवस मला त्या पात्याचा राग यायचा. नऊ वर्षं शिकवलं-सांभाळलं आणि आता पाच, दहा, पंधरा, वीस.

पण त्या काउंटरच्या आत उभी राहिले म्हणून मला हे पेशंट दिसले. मेथाडोनचे, म्हणजे अफूसारख्या नशेवरच्या उपचाराच्या औषधाचे, पेशंट रोज येतात, आपल्यासमोर उभं राहून औषध पितात, मग जातात. त्यांच्याशी कसं बोलायचं, नजर कशी ठेवायची, हे मला कोणत्याही पुस्तकाने शिकवलं नसतं. पासष्टच्या पुढच्यांची औषधं सरकारी योजनेतून, बाकीच्या बऱ्याच जणांचा प्रायव्हेट इन्शुरन्स. क्लेम नाकारला गेला की पेशंट आधी आपल्यावर चिडतो. आणि २०२३ पासून ओंटारियोत फार्मासिस्ट काही किरकोळ आजारांवर स्वतः औषध लिहून देऊ शकतो. जानेवारीत तेरा आजार होते, ऑक्टोबरपर्यंत एकोणीस झाले. डोळे येणं, साधं मूत्रमार्गाचं इन्फेक्शन वगैरे. नागपुरात डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय लोक काय काय मागतात हे आपण पाहिलंय. इथे मात्र तो अधिकार कायद्याने आपल्या हातात आहे, आणि प्रत्येक निर्णयाची नोंद लिहून ठेवावी लागते. काम छोटं झालं नाही अबोली, वाढलंय. फक्त तिथे पोचायला मध्ये पात्याने गोळ्या मोजाव्या लागतात.

ऑस्कीत मी पहिल्यांदा नापास झाले. औषधं सगळी येत होती. पण समोर पेशंट बसल्याबरोबर मी सांगायलाच सुरुवात करायची. गोळी कधी घ्यायची, कशासोबत घ्यायची नाही. त्याला आधीपासून काय माहिती आहे, भीती कसली आहे, हे मी विचारतच नव्हते. आपल्याकडे खिडकीपलीकडे वीस माणसं उभी असतात, विचारायला वेळ कुठे मिळतो? ती सवय मोडायला मला सहा महिने लागले. त्याची तयारी मात्र तू आजपासून करू शकतेस.

हिंगणारोड

मी मेकॅनिकल. हिंगणा एमआयडीसीत सात वर्षं टूल रूम आणि डिझाइन. २०१८ ला ओंटारियो. वृंदाताईंनी जे केलं त्याच्या बरोबर उलट मी केलं, म्हणून लिहितो.

आल्या आल्या पन्नास-साठ अर्ज टाकले, उत्तर एकाचंही नाही. 'कॅनेडियन एक्स्पीरियन्स' नाही म्हणून. दोन महिन्यांनी पैसे संपत आले तसा एका एजन्सीतून वेअरहाउसला लागलो. रात्रपाळी. लोखंडी टोकाचे बूट, हातात स्कॅनर. चार महिन्यांत फोर्कलिफ्ट शिकलो, ताशी पैसे वाढले. मग शिफ्ट लीड. तिथेच तीन वर्षं गेली. काम वाईट नव्हतं, माणसंही चांगली होती, त्या पगारावर माझ्या मुलीची शाळा सुरू झाली. त्याला मी कधीच नावं ठेवणार नाही. पण रात्रपाळी करून दिवसा झोपणारा माणूस इंटरव्ह्यूला जाऊ शकत नाही. एक दिवस मुलीने शाळेत चित्र काढलं, बाबा ट्रकजवळ. मी इंजिनिअर आहे हे तिला माहीतच नव्हतं. कारण मीच कधी सांगितलं नव्हतं.

मग पगार कमी घेऊन एका छोट्या शीट मेटलच्या कारखान्यात ड्राफ्टिंगला लागलो. तासाला वेअरहाउसपेक्षा दोन डॉलर कमी. बायको म्हणाली, जा. तिथून दीड वर्षात डिझायनर.

परवान्याचं म्हणाल तर मे २०२३ मध्ये परवाना देणाऱ्या प्रोफेशनल इंजिनिअर्स ओंटारियो या संस्थेने कॅनडातल्या अनुभवाची अट काढून टाकली. आधी चार वर्षांपैकी एक वर्ष इथलं लागायचं, आणि परवाना नाही म्हणून काम नाही, काम नाही म्हणून परवाना नाही, असा फेरा होता. आता हिंगण्यातली माझी सात वर्षं मोजली जाऊन राहिली. अर्ज केलाय. जुन्या साहेबांना फोन केला तर म्हणाले, "तुझे ड्रॉइंग अजून आहेत आपल्याकडे, पाठव फॉर्म." तुमचे जुने साहेब, डॉक्टर, कुणी चांगलं लिहून देणारे असतील त्यांचे ईमेल, फोन आत्ताच घेऊन ठेवा. माणसं रिटायर होतात, नंबर बदलतात.

सायली_एडिसन

अबोली, मीही बी.फार्म., पण अमेरिकेत. एक गोष्ट लिहून ठेवते, कुणाच्या तरी उपयोगी पडेल. १ जानेवारी २००३ नंतर पदवी घेतलेल्या परदेशी फार्मासिस्टला इथल्या परीक्षेला बसायला पाच वर्षांचा अभ्यासक्रम लागतो. आपली बी.फार्म. चार वर्षांची, म्हणून दारच बंद. आपल्याकडे २००८ पासून जी सहा वर्षांची फार्म.डी. आली, ती केलेल्यांना बसता येतं. हे मला लग्न ठरताना कुणी सांगितलं नाही आणि मी शोधलंही नाही.

त्यात एच-४, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर आलेल्याच्या जोडीदाराचा व्हिसा. काम करायचीच परवानगी नाही. मे २०१५ पासून, नवऱ्याचं आय-१४० (ग्रीन कार्डासाठी कंपनीने केलेला अर्ज) मंजूर असेल तर एच-४ वाल्यांना वर्क परमिट मिळतं, पण ते मंजूर होईपर्यंत पाच वर्षं मी घरी होते. त्या पाच वर्षांबद्दल लिहायला बसले तर रात्र जाईल. रविवारी मराठी शाळेत मुलांना शिकवायचे, तेवढा एक दिवस मला कुणीतरी 'सायलीताई' म्हणायचं.

आता क्लिनिकल ट्रायलच्या डेटामध्ये आहे. औषधांचं ज्ञान रोज लागतं. काउंटर सुटला याचं दुःख पूर्ण गेलं असं नाही म्हणणार. तुझ्या हातात पीआर आहे, उतरल्या दिवसापासून काम करू शकतेस. याची किंमत माझ्यासारखीला विचार.

वर्धेकर_सिस्टर

ताई, मी नर्स. सेवाग्रामजवळची. आता जर्मनीत श्टुटगार्टकडे आहे. तुमचं वाचून डोळ्यात पाणी आलं म्हणून लिहून राहिले, मले लिहायची सवय नाही.

आमच्यात आधी भाषा. वर्ध्यात नोकरी करून संध्याकाळी ऑनलाइन जर्मन शिकले, बी-टू ही पातळी होईपर्यंत दीड वर्ष. इकडे आल्यावर आपल्या शिक्षणाची मान्यता, त्याले आनेर्केनुंग म्हणतात, ती मिळेपर्यंत हेल्पर म्हणूनच ठेवतात. त्यांनी कागद तपासून कळवलं की एवढे एवढे विषय कमी आहेत. मग एक तर परीक्षा द्या नाहीतर वॉर्डात राहून कोर्स करा. मी कोर्स केला.

तिकडे मी आयसीयूत होते. व्हेंटिलेटर, सेंट्रल लाइन, सगळं करायची. इकडे पहिल्या दिवशी एका आजोबांना आंघोळ घालायला सांगितलं. आपल्याकडे ते नातेवाईक करतात नाहीतर मावशी करतात. मी बाथरूममध्ये जाऊन रडली. पण इकडे सगळ्याच नर्स करतात, पंचवीस वर्षं झालेली माझी सिनिअरसुद्धा. तिने मले दाखवलं, पाठ पुसताना कातडी कुठे लाल झाली ते पाहायचं, माणूस श्वास कसा घेतो ते पाहायचं, बोलतो किती ते पाहायचं. आंघोळ म्हणजे तिच्यासाठी तपासणी आहे. ते समजलं त्या दिवसापासून मले ते काम हलकं वाटलं नाही. आता मान्यता मिळाली, आयसीयूत परत गेली. पण सकाळी पेशंटची पाठ मीच पुसते.

बजाजनगर_काका

मी वेगळं मत मांडतो, राग मानू नये.

मी अकरा वर्षं आखातात होतो, ड्राफ्ट्समन ते साइट को-ऑर्डिनेटर. नागपुरात परत आलो तेव्हा वय सत्तेचाळीस. तिकडे पेन्शन नव्हतं, हातात आली ती ग्रॅच्युइटी, पहिली पाच वर्षं वर्षाला एकवीस दिवसांचा मूळ पगार आणि पुढे तीस दिवसांचा. घर झालं, मुलं शिकली. पण इथे माझे बरोबरीचे लोक एक्झिक्युटिव्ह इंजिनिअर झाले होते आणि मी मिहानमध्ये तिशीतल्या साहेबाच्या हाताखाली.

अबोली, तू पस्तिशीत इन्चार्ज आहेस. सहा घरं तुझ्या शब्दावर चालतात. डॉक्टर तुझं ऐकतात. ते चार-पाच वर्षांसाठी खाली ठेवायचं आणि मग तिथे परत शून्यापासून उचलायचं, हे नवऱ्याच्या नोकरीसाठी. पैशाचा हिशेब जमेलही. पण घरातल्या दोघांपैकी एकाचंच काम पुढे जातं आणि दुसऱ्याचं थांबतं, त्याचा हिशेब कुणी मांडत नाही. माझ्या बायकोची शाळेतली पर्मनंट नोकरी माझ्यासाठी सुटली. तिने कधी बोलून दाखवलं नाही. मी मात्र रोज आठवतो. जाण्याआधी हा विषय नवऱ्यासमोर स्पष्ट बोल, एवढंच सांगतो. किती वर्षं, किती पैसे परीक्षेसाठी, अभ्यासाच्या वेळी मूल कोण सांभाळणार, हे निघायच्या आधी ठरलं पाहिजे. तिथे गेल्यावर भाडं आणि थंडी यातच माणूस गुंततो.

हिंगणारोड

काकांना अनुमोदन. आमच्याकडे हे बोलणं तीन वर्षं उशिरा झालं.

अबोली_त्रिमूर्तीनगर

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन दिवस फक्त वाचत होते.

काका, तुमचा प्रतिसाद नवऱ्याला वाचायला दिला. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, मला वाटलं होतं तुला ब्रेक हवा असेल. अकरा वर्षांत मी कधीच ब्रेक मागितला नव्हता, त्याने तो गृहीत धरला. भांडण नाही झालं. पण आम्ही पहिल्यांदाच वही घेऊन बसलो. परीक्षेचे पैसे वेगळ्या खात्यात टाकायचे. पहिली दोन वर्षं आठवड्यातल्या तीन संध्याकाळी मुलाचं जेवण आणि अभ्यास त्याच्याकडे. त्याने स्वतः लिहिलं, सही पण केली. मला हसू आलं आणि बरंही वाटलं.

वृंदाताई, एक विचारू? असिस्टंट म्हणून लागताना रेझ्युमेत इन्चार्ज लिहायचं की नाही? इथे एकीने सांगितलं की जास्त अनुभव दाखवला तर घेत नाहीत, लपव.

गोकुळपेठची_वृंदा

लपवू नकोस. मी लपवलं होतं, चार महिने. एक दिवस इन्सुलिनचं एक प्रिस्क्रिप्शन आलं, डोस दहापट वाटत होता. युनिट ऐवजी वापरलेलं 'यू' अक्षर शून्यासारखं दिसत होतं. ही चूक आपण नागपुरात किती वेळा पकडली असेल! पण मी असिस्टंट, माझा अनुभव कागदावर शून्य, म्हणून अर्धा मिनिट गप्प बसले. बोलावं की नको. मग बोलले. फार्मासिस्टने डॉक्टरला फोन केला, चूकच होती. नंतर त्याने विचारलं, तुला कसं कळलं, आणि मी खरं सांगितलं. तो रागावला. म्हणाला, हे मला पहिल्या दिवशी माहीत असायला हवं होतं. त्यानेच पुढे माझी देखरेखीची ट्रेनिंग केली.

ते अर्धं मिनिट मला अजून आठवतं. सगळं लिही. जो दुकानदार अनुभव पाहून नाही म्हणेल, त्याच्याकडे तुला शिकायलाही काही मिळणार नाही. साखळी दुकानांपेक्षा मालक स्वतः फार्मासिस्ट असलेल्या छोट्या दुकानांत आधी विचार, आणि मुलाखतीत सरळ सांग की मी पीईबीसीची तयारी करतेय.

सायली_एडिसन

आणि एक. तिथे पोचल्यावर पहिला हिवाळा घरात बसून अभ्यास करू नकोस. लायब्ररीत जा, अभ्यासाचा ग्रुप धर. एकटीने पुस्तक उघडलं की आधी रडू येतं.

अबोली_त्रिमूर्तीनगर

सहा आठवड्यांनी इथे परत लिहितेय. कौन्सिलचा अर्ज गेला. कॉलेजचे ट्रान्स्क्रिप्ट हातात आले, नावाचं प्रतिज्ञापत्र झालं. पीईबीसीकडे फाइल उघडली. आमच्या मुख्य डॉक्टरांना राजीनाम्याचं सांगितलं तर त्यांनी आधी कुठलं पत्र लागेल ते विचारलं आणि मग चहा मागवला. माझ्या जागी जी येतेय तिला रोज एक कपाट समजावून देतेय.

आणि वृंदाताई, तुमच्या ऑस्कीचा सराव घरी सुरू केलाय. रात्री जेवणं झाली की डायनिंग टेबलच्या एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला सासरे. ते महाराष्ट्र बँकेतून रिटायर, इंग्रजी पक्कं. त्यांच्याच बीपीच्या आणि शुगरच्या गोळ्या मध्ये ठेवतो. मी सांगायला लागले की ते हात वर करतात, "आधी मला विचार." काल विचारलं, तुम्हाला या गोळीबद्दल काय माहिती आहे? तर कळलं की ते सकाळची बीपीची गोळी दोन वर्षांपासून फिरायला जाऊन आल्यावर, कधी कधी दुपारी घेतात, कारण फुटाळा तलावावर फिरताना चक्कर येते म्हणून त्यांनी स्वतःच वेळ बदलली. मी अकरा वर्षं फार्मसीत, आणि घरातल्या माणसाला हे कधी विचारलं नव्हतं. उद्या त्यांना डॉक्टरांकडे नेतेय.

बाबा विचारताहेत, परीक्षेत पेशंट चिडलेला पण असतो का? त्यांना त्याचाही सराव द्यायचाय.

गोकुळपेठची_वृंदा

आम्ही सरावात दर वेळी एक चिडलेला ठेवायचो. बाबांना सांग, तुझं वाक्य मध्येच तोडायचं आणि घड्याळाकडे बघत राहायचं. आणि चक्करेचं डॉक्टर काय म्हणाले ते नक्की कळव.